प्रतिकारशक्ती चांगली असूनही कर्करोग पसरतो कसा?

नागपुरात मे महिना लागला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार ठरलेली असते: ‘डॉक्टरसाहेब, उन्हाळी लागली.’ पारा ४५ अंशांच्या घरात जातो, घाम वाहतो, लघवी कमी आणि गडद होते, जळजळ सुरू होते. धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी, ताक हे उपाय घरोघरी ठाऊक असतात आणि बहुतेकांना त्यांनी आराम पडतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात याच तक्रारीसाठी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. वय ७२. सारी वस्ती त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. दोन दिवस लघवी लालसर झाली होती. दुखले-खुपले काहीच नव्हते. मी जळजळ कमी करणारे पातळ औषध लिहून दिले आणि पाणी भरपूर पिण्यास सांगितले. लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी सांगायला हवी होती. ती मी सांगितली नाही. लालसरपणा आपोआप गेला. गुरुजी विसरले आणि मीही विसरलो.

दिवाळीच्या सुमारास ते खोकला घेऊन आले. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत गोल सावल्या दिसल्या. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात मोठी गाठ आढळली. पुढे तुकडा तपासल्यावर मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांपर्यंत पोहोचल्याचे निश्चित झाले.

त्या संध्याकाळी काकूंनी विचारलेला प्रश्न आजच्या लेखाचा विषय आहे. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, तीस वर्षांत यांना साधा तापसुद्धा क्वचित आला. प्रतिकारशक्ती एवढी चांगली. मग हा आजार पसरला कसा?’ शेजारी बसलेल्या मुलाने एक पिशवी टेबलावर ठेवली. तीत प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णे, काढे आणि गोळ्या होत्या. ‘आता तरी हे सुरू करायचं ना?’ असे त्याने विचारले.

दोघांच्या प्रश्नांमागे एकच समजूत होती. प्रतिकारशक्ती म्हणजे शरीराची फौज. फौज मोठी असली की शत्रू हरतो, लहान असली की जिंकतो. ही समजूत सर्दी-पडशापुरती चालून जाते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करते.

पहारा आणि डागडुजी

१८८२ साली इटलीतील मेसिना या गावी इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या शरीरात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केली होती. परकी वस्तू गिळू पाहणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या भक्षक पेशी दोन कामे करतात. पायाला जखम झाली की पहिले काही दिवस त्या जंतू आणि मृत पेशी गिळतात. हा झाला पहारा. पुढे त्याच जागी त्यांचे काम बदलते. त्या नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणे धाडतात, भोवतालच्या ऊतींचे धागे सैल करतात, नव्या पेशींना वाढण्याचे संदेश देतात आणि हल्ला करणाऱ्या इतर पेशींना शांत करतात. हे न झाले तर जखम कधीच भरून येणार नाही. ही झाली डागडुजी.

कर्करोगाची गाठ या दुसऱ्या कामाचा गैरफायदा घेते. १९८६ साली हेरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने गाठीला ‘कधीच न भरणारी जखम’ म्हटले होते. गाठ सतत दुखापतीचे संदेश सोडत राहते. भक्षक पेशी धावून येतात आणि गाठीलाच जखम समजून तिची डागडुजी करू लागतात. आलेल्या पेशी अशक्त नसतात. त्या कामसू असतात, पण चुकीच्या मालकाच्या चाकरीला लागलेल्या असतात.

मूत्रपिंडात काय घडते?

प्रौढांमधील मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ‘क्लिअर सेल’ प्रकारचे असतात. गुरुजींचाही तोच होता. या प्रकारात बहुधा व्हीएचएल नावाचे जनुक निकामी झालेले असते. पेशीला प्राणवायू पुरेसा मिळतो आहे की नाही, याच्या मोजमापात या जनुकाचा वाटा असतो. ते बिघडले की प्राणवायू भरपूर असूनही पेशी ‘गुदमरते आहे’ अशी हाकाटी करीत राहते. पेशी प्राणवायू कसा ओळखतात, याच्या शोधासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना विभागून देण्यात आले.

या खोट्या हाकाटीचा परिणाम असा की गाठीत नव्या रक्तवाहिन्यांचे दाट जाळे तयार होते आणि त्याबरोबर रोगप्रतिकारक पेशींचीही मोठी गर्दी होते. त्यातील भक्षक पेशी तीन प्रकारे रोगाच्या प्रसाराला हातभार लावतात. पहिले, त्या आणखी रक्तवाहिन्या बोलावतात. म्हणजे गाठीला रसद मिळते आणि बाहेर पडायला वाटही. दुसरे, ऊतींचे धागे तोडणारे स्राव त्या सोडतात. त्यामुळे कर्कपेशींना सरकायला जागा होते. तिसरे, कर्कपेशींना मारू शकणाऱ्या ‘टी’ पेशींना त्या थोपवून धरतात.

टी पेशींची कथा अधिक विलक्षण आहे. बहुतेक कर्करोगांत गाठीमध्ये मारक टी पेशी जितक्या अधिक, तितके रुग्णाचे भवितव्य बरे, असे आढळते. क्लिअर सेल प्रकारात मात्र अनेकदा याच्या उलट दिसते. गाठीत टी पेशी भरपूर असतात, तरी रोग पुढे सरकतो. महिनोन्महिने त्याच शत्रूसमोर उभ्या राहून या पेशी थकलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ‘थांबा’ असा हुकूम स्वीकारणाऱ्या खुणा वाढलेल्या असतात आणि गाठीतील पेशी तोच हुकूम सतत देत राहतात. रोग जसजसा पुढच्या टप्प्यात जातो, तसतशा थकलेल्या टी पेशी आणि त्यांना दाबणाऱ्या भक्षक पेशी एकत्र वाढताना संशोधकांना दिसल्या आहेत.

याशिवाय नियामक टी पेशी नावाचा एक गट असतो. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये, हे पाहणे त्यांचे काम. या पेशी ओळखणाऱ्या संशोधकांना २०२५ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. निरोगी शरीरात त्या अत्यावश्यक. गाठीत मात्र त्या शत्रूलाही ‘आपला’ समजून संरक्षण देतात.

मूत्रपिंडातून दिवसभर प्रचंड रक्त वाहते. सुटलेल्या कर्कपेशी त्याच्या शिरेतून हृदयाकडे आणि तेथून प्रथम फुप्फुसांत पोहोचतात. म्हणून हा रोग फुप्फुसांत सर्वाधिक पसरतो. त्याखेरीज हाडे, लसिकाग्रंथी, यकृत आणि मेंदू. उंदरांवरील प्रयोगांत तर असेही दिसले आहे की अस्थिमज्जेतून आलेल्या काही पेशी कर्कपेशी पोहोचण्यापूर्वीच फुप्फुसांत जाऊन त्यांच्यासाठी जागा तयार करतात.

काकूंना मी हे सारे इतक्या विस्ताराने सांगितले नाही. एवढेच म्हणालो, ‘काकू, गुरुजींची प्रतिकारशक्ती कमी पडली असं नाही. गाठीने तिला फसवलं आहे. यात त्यांच्या खाण्यापिण्याचा दोष नाही आणि तुमच्या काळजीचाही नाही.’ त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण किंचित सैल झाला. रुग्णाची सेवा करणाऱ्यांच्या मनात ‘आपलेच काही चुकले’ हा काटा फार खोल असतो. तो काढणे हाही उपचाराचाच भाग आहे.

ब्रेक सोडणारी औषधे

गाठीने टी पेशींचा ब्रेक दाबून धरला असेल, तर तो सोडवता येईल का? या प्रश्नावर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधांतून आलेल्या औषधांना इम्युनोथेरपी म्हणतात. ती शिरेतून दिली जातात. ती कर्कपेशींना थेट मारीत नाहीत. थकलेल्या टी पेशींवरील ‘थांबा’ हा हुकूम निष्प्रभ करतात.

मूत्रपिंडाचा कर्करोग या उपचारांच्या इतिहासात आधीपासून आहे. नेहमीच्या केमोथेरपीला तो फारसा दाद देत नाही. क्वचित, अगदी शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत, पसरलेल्या गाठी आपोआप आक्रसल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे प्रतिकारशक्ती येथे काही करू शकते, असा संशय डॉक्टरांना जुन्या काळापासून होता. १९९२ साली अमेरिकेत इंटरल्युकिन-२ हे औषध या रोगासाठी मान्य झाले. पण त्याचा त्रास भयंकर होता आणि लाभ थोड्यांनाच. २०१५ पासून ब्रेक सोडणारी नवी औषधे आली. आज पसरलेल्या रोगात अशी दोन औषधे एकत्र, किंवा असे एक औषध आणि रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी गोळी, असा उपचार सर्वत्र केला जातो. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका अधिक असलेल्या काही रुग्णांनाही हे औषध देतात. त्यांचे आयुष्यमान त्यामुळे वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

खर्च ही आपल्याकडील मोठी अडचण. या बाबतीत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर निव्होलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी दिले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ही चाचणी मूत्रपिंडाच्या रोगावर नव्हती, म्हणून तिचा निष्कर्ष तसाच येथे लावता येणार नाही. मात्र खर्चामुळे उपचाराचा विचारच सोडून देण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी मात्रा, पर्याय आणि शासकीय योजनांविषयी मोकळेपणाने बोलावे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. हा सल्ला घेण्यासाठी दरवेळी मुंबई गाठावी लागत नाही.

त्या पिशवीचे काय?

आता मुलाने आणलेल्या पिशवीविषयी. जाहिरातीतला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा शब्दप्रयोग आपण वर पाहिलेल्या चित्राशी ताडून पाहावा. वाढवायची कोणती पेशी? पहारा करणारी, डागडुजी करणारी, की दाबून धरणारी? कोणतेही चूर्ण गाठीत शिरून अशी निवड करू शकते, याला आधार नाही.

नुकसान मात्र होऊ शकते. कोविडच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या ६ रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. त्या इजेचे स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखे होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद तज्ज्ञांवर सोपवला, तरी आपल्या रुग्णापुरता निर्णय अवघड नाही. इम्युनोथेरपीमुळेही यकृताला अशीच सूज येऊ शकते. दोन्ही एकाच वेळी चालू असतील आणि कावीळ झाली, तर दोष कशाचा हे ठरवता येत नाही. मग जीव वाचवू शकणारे औषध थांबवावे लागते.

म्हणून मी मुलाला सांगितले की पिशवी फेकू नकोस, लपवूही नकोस. ती तशीच कर्करोगतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि त्यांनी होकार दिलेलेच ठेव. स्वयंपाकातली हळद, आले, लसूण यांना हरकत नाही. अर्क, काढे, गोळ्या आणि चूर्णे यांची गोष्ट वेगळी.

घरच्यांनी काय पाहावे?

ब्रेक सोडला की टी पेशी क्वचित शरीराच्या निरोगी भागांवरही तुटून पडतात. असा त्रास पहिल्या काही आठवड्यांत होतो तसाच कित्येक महिन्यांनी, कधी उपचार संपल्यावरही होऊ शकतो. घरी पुढील गोष्टींवर लक्ष असावे.

दिवसातून नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा पातळ शौच, पोटात कळा किंवा शौचात रक्त. नवा खोकला, धाप. डोळे किंवा लघवी पिवळी होणे. अंगभर पुरळ. कमालीचा थकवा, डोके फार दुखणे, चक्कर. छातीत धडधड किंवा दुखणे. स्नायूंत अशक्तपणा, पापण्या जड होणे. यांपैकी काहीही झाले तर घरगुती औषधाने दाबू नये. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. धाप, छातीतील दुखणे किंवा गुंगी असेल तर थांबूच नये.

रुग्ण इम्युनोथेरपीवर असल्याची चिठ्ठी त्याच्या खिशात असावी. रात्री-बेरात्री ज्या डॉक्टरांकडे जाल, त्यांना पहिले वाक्य हेच सांगावे. या त्रासांवर बहुधा स्टिरॉइड देतात. ‘स्टिरॉइड वाईट’ म्हणून ते मनाने बंद करू नये. एक मूत्रपिंड काढले असेल, तर अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्या उरलेल्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. हा रोग शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी, क्वचित दशकानंतरही उलटतो. म्हणून ‘आता बरे आहे’ या भरवशावर तपासण्या सोडू नयेत.

गुरुजींच्या घरी या सूचनांचा उपयोग झाला. उपचार सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले होते. संक्रांत नुकतीच झाली होती आणि त्यांना जुलाब सुरू झाले. शेजारच्यांनी तिळगुळावर खापर फोडले, कोणी ईसबगोल सुचवला. काकूंनी वहीत लिहून ठेवले होते: सकाळपासून सहा वेळा. त्यांनी मला आणि रुग्णालयाला फोन केला. आतड्याला औषधामुळेच सूज आली होती. वेळीच स्टिरॉइड मिळाल्याने ती आटोक्यात आली. मार्चमधील स्कॅनमध्ये फुप्फुसांतील सावल्या लहान झालेल्या दिसल्या. त्या नाहीशा झालेल्या नाहीत. पुढे काय होईल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गुरुजी सध्या सकाळी अंगणात अर्धा तास चालतात आणि नातीला गणित शिकवतात.

माझ्याकडे त्यांचा जुना कागद अजून आहे. मे महिन्यातली तारीख, खाली माझी सही आणि त्या पातळ औषधाचे नाव. त्या दिवशी सोनोग्राफी केली असती तर रोग फुप्फुसांत गेलेला नसता, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण जी सहज करता आली असती, ती तपासणी झाली नाही, हे खरे.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि आपणही तो पाळावा, ही विनंती. लघवी लाल किंवा चहासारखी एकदा जरी झाली, आणि विशेषतः दुखत नसताना झाली, तर आपोआप थांबली तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरीही. बीट खाल्ले होते, उन्हाळी लागली होती, असे म्हणून पुढे जाऊ नये. धूम्रपान करणारे, रक्तदाब किंवा वजन जास्त असणारे आणि बराच काळ डायलिसिसवर असलेले यांनी अधिक सावध असावे. कंबरेच्या वर एका बाजूला टिकून राहणारे दुखणे, हाताला लागणारी गाठ, कारणाविना घटणारे वजन किंवा रेंगाळणारा ताप यांचीही तपासणी व्हावी. गाठ मूत्रपिंडापुरतीच असताना सापडली, तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता येते.

धण्या-जिऱ्याचे पाणी अवश्य प्या. मात्र लघवीचा रंग लाल दिसला, तर ते पिऊन झाल्यावर डॉक्टरांकडे या. आणि डॉक्टर तपासणी सांगायला विसरले, तर आपण त्यांना आठवण करून द्या.